पणजोबांच्या शिंगाची मागची बाजू

एका जंगलात, बाळांनो, प्रश्न विचारायला पूर्ण मोकळीक होती. कोवळं गवत कुठे आहे, विचारा. पाणी कधी आटेल, विचारा. वाघ आज कुणीकडे गेलाय, हे तर अवश्य विचारा. एकच गोष्ट मात्र विचारायची नाही, असं तिथल्या प्रत्येक पाडसाला पहिल्या दुधाबरोबर सांगितलं जाई.

नियम असा होता : हाडाला तोंड लावायचं नाही.

आणि ‘का’ असं विचारायचं नाही.

हा नियम चितळांच्या कळपाचा. चितळ म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेली हरणं. ती गवत खातात, पाला खातात, आणि आपण गवत-पाला खातो याचा त्यांना फार अभिमान असतो. हाडं कोण खातं? तरस खातं. साळिंदर खातं, तेसुद्धा कुरुम कुरुम आवाज करत. आपण तसले नाही. आपण कसले नाही हे एकदा ठरलं, की आपण कसले आहोत हे ठरवायचा त्रास वाचतो.

कळपाचे प्रमुख होते आबासाहेब. त्यांचं मूळ नाव कुणालाच आठवत नव्हतं. त्यांनाही नाही. त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्याबाई. आबासाहेब नियम सांगत आणि आत्याबाई तो कोण मोडतंय ते पाहत. असा दोघांचा संसार सगळ्या कळपाच्या डोक्यावर चालला होता.

आता एक गंमत सांगते. नर चितळाची शिंगं दरवर्षी गळून पडतात. आपोआप. पिकलं पान गळावं तशी. नर सकाळी झाडाला डोकं घासायला जातो आणि शिंग तिथेच राहतं. त्याला ते कळतसुद्धा नाही. एकदम हलकं हलकं वाटतं, एवढंच.

पण या कळपात त्याला ‘शिंगत्याग’ म्हणत.

शिंगत्यागाचा सोहळा होई. सोहळ्याला समिती होती. गळलेलं शिंग मिरवत मिरवत खडकाच्या ओट्यावर नेऊन ठेवायचे. त्याला रानवेलीची माळ घालायचे. ज्याचं शिंग गळलं त्याच्या पाठीवर पळसाच्या पानांची शाल पडायची. मग भाषणं. पहिला वक्ता म्हणायचा की अशा त्यागमूर्तीबद्दल बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. आणि मग तो ऊन कलेपर्यंत बोलायचा. शेवटी त्यागमूर्ती उत्तरादाखल सांगायची की यात मी विशेष काही केलं नाही. दिवसभरात तेवढंच एक वाक्य खरं असायचं.

ओट्यावर अशी पिढ्यान्‌पिढ्यांची शिंगं होती. आजोबांचं, पणजोबांचं, खापरपणजोबांचं. ओळीने मांडलेली, टोकं आकाशाकडे. पाहुणे आले की त्यांना आधी ओटा दाखवायचे, मग पाणी.

हरणी काय करत? हरणी ओटा झाडत. आणि पाडसांना दूध पाजत. दुधात काय जातं ते आपण पुढे पाहू. पण दूध रोज जातं. रोज जाणाऱ्या गोष्टीचा सोहळा करायचा म्हटला, तर समितीने रवंथ कधी करायचा?

या कळपात मोहरी नावाची एक तरुण हरणी होती. मोहरी शिकलेली होती. टेकडीपलीकडे सागाच्या बनात एक महाविद्यालय होतं, तिथे ती दोन पावसाळे जाऊन आली होती. तिचं शिक्षण झालं याचा कळपाला अभिमान होता. आबासाहेब पाहुण्यांना ओटा दाखवून झाला की मोहरी दाखवत. आमची पोरगी शिकली, पण शिकलेलं घरात काढत नाही, असं कौतुकाने सांगत. मोहरी तेव्हा कान मागे टाकून उभी राही. हरणांत त्याचा अर्थ काय होतो, हे तिच्याच वयाच्या हरणींना कळे.

मोहरीची थोरली बहीण बकुळी. बकुळीला नुकतंच पाडस झालं होतं. पाडस गोड होतं, भुकेलं होतं, आणि दिवसभर आईला लुचत होतं. ते वाढत होतं तसतशी बकुळी खचत होती. आधी ती लंगडायला लागली. मग तिला चढ चढवेना. मग एका सकाळी कळप उठला आणि बकुळी उठलीच नाही. मागचे पाय रोवायची, थरथरायची, पुन्हा बसायची. मांड्या ठणकतात म्हणाली. बरगड्या दुखतात म्हणाली. श्वास घेतला तरी दुखतं म्हणाली.

सगळ्या थोरल्या हरणी तिला बघायला आल्या. हल्लीच्या हरणींना दमच नाही, यावर त्यांचं एकमत झालं. आपल्या वेळी आपण सकाळी पाडस द्यायचो आणि दुपारी टेकडी चढायचो, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, दुपारी कुठलं, तेव्हाच. तिसरीने तर टेकडी चढता चढताच पाडस दिलं होतं. बकुळीला त्यांनी बांबूच्या बेटात, अगदी गच्च सावलीत नेऊन बसवलं. बाळंतिणीला ऊन लागू नये, हा दुसरा नियम. त्यालाही ‘का’ नव्हतं.

मग डॉक्टर बगळे आले.

डॉक्टर बगळे म्हणजे गायबगळा. पांढरेशुभ्र, उंच मान, चालणं असं की चिखलालाही आपण चिखल असल्याची लाज वाटावी. त्यांची तपासायची रीत सोपी होती. ते पाठीवर बसत, कातडीवरची एक गोचीड टिपत आणि डोळे मिटून गिळत. गोचीड म्हणजे रक्ताची छोटी बाटलीच की. चवीवरून ते रक्तात काय किती आहे ते सांगत. फी वेगळी नव्हती. गोचीडच फी.

त्यांनी बकुळीची गोचीड गिळली. डोळे मिटले. जिभेवर घोळवलं.

“चुना उत्तम,” ते म्हणाले. “रिपोर्ट नॉर्मल.”

झालं. कळपाने सुटकेचा निःश्वास टाकला. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बकुळीला काही झालेलं नाही. काही झालेलं नाही म्हणजे ती उठू शकते. उठू शकते आणि उठत नाही, म्हणजे तिच्या मनात उठायचं नाही. आत्याबाईंनी सांगितलं की मन रमवायला तिला ओट्यावरच्या शिंगांची नावं पाठ करायला द्या.

याच सुमारास आबासाहेबांनी जाहीर केलं की नदीअलीकडचं गवत संपत आलंय, पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं की कळप पलीकडे जाईल. ज्यांना चालवणार नाही त्यांना सन्मानाने मागे ठेवण्यात येईल.

सन्मानाने मागे ठेवणं म्हणजे काय, ते मोठ्यांना ठाऊक होतं. बिबट्यालाही ठाऊक होतं. मागल्या उन्हाळ्यात केवडा नावाची हरणी अशीच मागे राहिली होती. तिच्याबद्दल फार सुंदर भाषण झालं होतं.

मोहरी तडक नदीवर गेली. डॉक्टर बगळे एका पायावर उभे राहून पाण्यात स्वतःकडे बघत होते.

तिने विचारलं, रक्तात चुना उत्तम आहे तर माझी बहीण उठत का नाही?

“रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, उत्तमच असतो,” डॉक्टर म्हणाले. “अंग तो घसरू देत नाही. घसरला तर अंगाला पेटके येतील, काळीज ठोका चुकेल. त्यामुळे हाडांचा पार भुगा झाला, तरी रक्त शेवटपर्यंत नॉर्मल येऊ शकतं.”

“मग तुम्ही तपासता कशाला?”

“तपासायला सांगतात म्हणून.”

मोहरीला राग गिळता येत नसे. पण ऐकायचं असलं की ती तो गालात धरून ठेवी. तिने तसं केलं आणि डॉक्टरांना बोलू दिलं. आणि बाळांनो, डॉक्टरांना सगळं येत होतं. ते खाली मान घालून, पाण्यातल्या आपल्या बिंबाला शिकवावं तसं, सगळं सांगत गेले.

गळ्यात चार राखणदार बसलेले असतात, म्हणाले. एवढेसे, मसुरीच्या दाण्यासारखे. त्यांना दुसरं काही काम नाही. रक्तातला चुना मोजत बसायचं. चुना केसभर उतरला की ते हाका मारतात. हाक हाडांना ऐकू जाते आणि हाडं आपल्यातला चुना रक्तात सोडतात. हाक मूत्रपिंडालाही जाते, की चुना धरून ठेव. पण हाडातून चुना एकटा निघत नाही. त्याच्या हाताला धरून स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, येतं. ते रक्तात फार साठलं, तर चुन्याशी जमून नको तिथे खडे करतं. म्हणून मूत्रपिंड स्फुरदाला मागच्या दाराने बाहेर काढतं. दुधात चुना जातो, स्फुरद जातं. पाडसाचे पाय त्यातूनच उभे राहतात. आईच्या खाण्यात दोन्ही नसलं, की राखणदार हाका मारत राहतात आणि हाडं देत राहतात.

वरून ऊनही हवं, म्हणाले. पाठीवर ऊन पडलं की अंगात एक गोष्ट तयार होते. ती आतड्याला सांगते की पोटात चुना आला तर आत घे. ऊन नसेल तर चुना दारातून परत जातो.

मोहरीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे चुलीवरचं आधण उकळतं राहावं म्हणून घराचे वासे काढून जाळताहेत. आणि तुम्ही येऊन सांगता, आधण छान उकळतंय.”

“मला आधणाचं विचारलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “वाशांचं कुणी विचारलं?” आणि त्यांनी पाय बदलला.

मोहरी बांबूच्या बेटात परतली. बकुळीला म्हणाली, खरं सांग, तुला काय खावंसं वाटतं? बकुळीने इकडेतिकडे पाहिलं. लाजली. हरणं लाजतात तेव्हा त्यांचे ठिपके गुलाबी होतात असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही माना.

“हसशील,” बकुळी म्हणाली.

“नाही हसणार.”

“मला ना, ओट्यावरची शिंगं खावीशी वाटतात. पणजोबांचं तर स्वप्नात येतं.”

मोहरी हसली. खूप हसली. मग उठली आणि भर दुपारी ओट्याकडे निघाली.

दुपारी ओट्याकडे कुणी नसे. समिती झाडाखाली रवंथ करत आणि परंपरेवर विचार करत पडलेली असे. दोन्हींत जबडा सारखाच हलतो, म्हणून फरक कळत नाही. मोहरी ओट्यावर चढली. तिने पणजोबांच्या शिंगापुढे मान झुकवली, कारण ती वाईट घरातली नव्हती. मग तिने शिंग दातात धरून ओढलं.

शिंग फिरलं आणि त्याची मागची बाजू समोर आली.

मागे शिंग नव्हतंच. म्हणजे होतं, अर्धं. पुढून पणजोबा भरदार, आणि मागून पणजोबा कुरतडलेले. गुळगुळीत खाचा, एकीशेजारी एक, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दाढांच्या. मोहरीने आजोबांना फिरवलं. आजोबाही तसेच. खापरपणजोबांना फिरवायला गेली तर ते हातात, म्हणजे दातात आले. त्यांचं पुढचं सालपट तेवढं उरलं होतं. सगळा ओटा असा. समोरून त्याग, मागून फराळ.

मोहरी तिथेच उभी राहून थोडा वेळ मजेत शेपटी हलवत होती. मग तिला केवडा आठवली आणि शेपटी थांबली.

तिने पणजोबांना उचललं आणि बहिणीकडे नेलं.

बकुळीने शिंग तोंडाच्या कोपऱ्यात धरलं, एखादा म्हातारा विडी धरतो तसं. दाढांखाली घेतलं. कुर्रर्र कट्. तिचे डोळे मिटले. बाळांनो, तुम्ही कधी फार भूक लागल्यावर गरम भाकरीचा पहिला घास घेतलाय? तसे मिटले. मोहरीने तिला ढकलत ढकलत बेटाबाहेर उन्हात आणलं. उन्हात बसून, पाठ शेकत, बकुळी पणजोबांना खाऊ लागली. मोहरीने एक टोक स्वतःसाठी घेतलं. चव काही खास नव्हती. तिला वाटलं, मोठ्यांनी एवढा नियम केला म्हणजे चव तरी असेल.

असं रोज दुपारी चाललं. हाड एका दिवसात भरत नाही. एका दिवसात भरतं असं सांगणाऱ्या गोष्टी तुम्ही ऐकू नका. पण हळूहळू बरगड्यांचं दुखणं कमी झालं. मग बकुळी उठून उभी राहिली आणि लगेच बसली. मग उभी राहिली आणि बसली नाही. मग एका दुपारी चार पावलं चालली आणि आपणच दचकली.

हे गुपित राहिलं असतं. पण बकुळीच्या पाडसाने खेळता खेळता सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, की माझी आई रोज जेवणात पणजोबा खाते.

समितीची तातडीची सभा भरली. इतकी तातडीची, की भाषणांआधी स्वागतगीत झालं नाही. आरोप होता : मोहरी आणि बकुळी यांनी हाडाला तोंड लावलं.

मोहरीने उभं राहून एवढंच विचारलं, की शिंग हे हाड आहे का?

आबासाहेबांनी ‘आहे’ म्हणायला तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की हाड असेल तर समिती पिढ्यान्‌पिढ्या हाडांना माळा घालत आलीय. आणि प्रत्येक त्यागमूर्ती डोक्यावर हाड घेऊन हिंडते. त्यांनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं, की हाड नसेल तर नियम मोडलाच नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि उपसमिती नेमली.

उपसमितीने निर्णय दिला, की शिंग ओट्यावर असताना शिंग असतं, आणि तोंडात गेलं की हाड होतं.

ओट्यापासून तोंडापर्यंत जाताना वाटेत ते काय असतं, असं मोहरीने विचारलं. दुसरी उपसमिती नेमावी लागली. तिचं काम अजून चालू आहे.

संध्याकाळी आत्याबाई एकट्याच मोहरीकडे आल्या. इकडेतिकडे बघून बसल्या. त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता, की मोहरीला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

“मोहरे, खायला कुणी नको म्हटलंय का तुला?”

“म्हणजे?”

“अगं, सगळ्यांनी खाल्लंय. माझ्या तिसऱ्या पाडसाच्या वेळी मलाही उठवेना. सासूबाईंनी मला ओट्यामागे नेलं आणि म्हणाल्या, मागून खा, समोरून झाड. एवढी साधी गोष्ट. आम्ही कधी बोंब मारली?”

“आणि आबासाहेब?”

“नवं शिंग काय वाऱ्यावर उगवतं? ते येताना नरांच्याही बरगड्या पोखरतात. त्यांना नको का? ते सगळे जाऊन येतात. पाळीपाळीने जातात, एकमेकांना दिसत नाहीत. तेवढी शिस्त आहे आपल्यात.”

मोहरीने ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “केवडाला का नाही सांगितलंत?”

आत्याबाईंनी मान फिरवली. “ती कधी ओट्यामागे आलीच नाही. फार नियम पाळणारी होती.”

वारा सुटला होता. बांबू एकमेकांवर घासत होते. आत्याबाई उठल्या आणि जाता जाता समितीचा निरोप सांगून गेल्या. सकाळी कळप नदी उतरणार. त्याआधी मोहरीने सगळ्यांसमोर म्हणायचं, की शिंगं साळिंदराने कुरतडली, आणि बकुळी समितीच्या आशीर्वादाने बरी झाली. एवढं म्हटलं की बकुळी कळपाच्या मधोमध चालेल, पाडसासकट. नाही म्हटलं तर सगळ्यांच्या शेवटी.

शेवटच्याला बिबट्या धरतो. हे पाडसालाही माहीत असतं. आणि बकुळी चालत होती, पळू शकत नव्हती.

एक वाक्य तर म्हणायचं होतं. साळिंदराचंही फार बिघडलं नसतं. ते असंही बदनाम आहे आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. मोहरीने बहिणीला विचारलं, काय करू? बकुळी म्हणाली, मला जगायचंय गं. पण पुढच्या वर्षी कुणीतरी बेटात बसलेली असेल, तिला कोण सांगणार?

सकाळी कळप नदीकाठी जमला. पाणी गुडघ्याला आलं होतं. आबासाहेब खडकावर चढले. त्यांच्या डोक्यावर नवी, मऊ, लव असलेली शिंगं फुटत होती आणि उभं राहताना ते बरगड्या सांभाळत होते. त्यांनी परंपरेवर बोलायला सुरुवात केली. त्यागावर बोलले. साळिंदरांच्या वाढत्या उपद्रवावर बोलले. तरुण पिढी चुकते, पण चूक कबूल करते, यावर तर फार हळवं बोलले. मग म्हणाले, आता मोहरी दोन शब्द बोलेल.

मोहरी पुढे आली. बकुळी काठावर उभी होती, पाय किंचित थरथरत, पाडस पोटाशी. डॉक्टर बगळे एका म्हशीच्या पाठीवर बसून बघत होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

“नाही,” मोहरी म्हणाली.

एवढा एकच शब्द आधी म्हणाली. आबासाहेबांना वाटलं सुरुवात चुकली, म्हणून ते हळूच ‘साळिंदराने’ असं पुढचं सांगू लागले.

“साळिंदराने नाही खाल्ली. मी खाल्ली. बकुळीने खाल्ली. माझ्या आधी कुणी कुणी खाल्ली, तेही मी मागच्या बाजूला वाचून आलेय. खाल्लीत ते बरं केलंत. दुखत होतं, म्हणून खाल्लीत. पण केवडालाही दुखत होतं. ती तुमचा नियम खरा मानून बेटात बसून राहिली आणि तुम्ही तिच्यावर भाषण केलंत. तुम्ही पढवलेलं मी म्हणणार नाही. मी माफी मागणार नाही. पलीकडे पोचले की प्रत्येक पाडसाला सांगणार आहे, हाड खा आणि उन्हात बस.”

गलका झाला. उद्धट, असं कुणीतरी म्हणालं. शिकवल्याचा परिणाम, असं दुसरं कुणी म्हणालं. आपल्या कळपात असलं कुणी कधी केलेलं नाही, असं समितीतले सगळे एका सुरात म्हणाले.

मोहरी थांबली. गलका थोडा ओसरू दिला.

“शिंग चघळलं की दाढेला खाच पडते,” ती म्हणाली. “ही बघा माझी.” आणि तिने सगळ्या कळपासमोर मोठा आ केला. कोवळ्या दाढेवर बारीकशी खाच उन्हात चमकली. “आता ज्यांनी कधी खाल्लं नाही, त्यांनी फक्त तोंड उघडावं.”

आबासाहेबांनी तोंड मिटलं. आत्याबाईंनी मिटलं. समितीने एकमताने मिटलं. थोरल्या हरणी, टेकडी चढणाऱ्या, त्यांनीही ओठ घट्ट आवळले.

बकुळी निघाली. सावकाश, एकेक पाय रोवत, पाडसाला कडेला घेऊन ती शेवटची जागा ओलांडून पुढे आली. कळपाच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. मागे हो, असं तिला कुणी म्हटलं नाही.

म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

तात्पर्य : मोठ्यांनी घालून दिलेला नियम मोडायच्या भानगडीत पडू नये. मोडलेली वस्तू पुन्हा मोडता येत नाही.